लागोस ते सोनगीर, आठवा लागायच्या आत

"इमान सातवामा पोचस का आठवामा? तेवढंच सांग व बाई."

विमानाच्या तिकिटांचा कोर्स मी मुंबईला राहून केला होता. भाडं कसं काढायचं, कनेक्शन कसं जोडायचं, सामान किती चालतं, सगळं शिकवलं होतं. विमान कितव्या महिन्यात पोचतं, हे तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं. आणि महिना म्हणजे डिसेंबर नव्हे. महिना म्हणजे पोटातल्या बाळाचा.

विचारणाऱ्या अक्का आमच्या ऑफिसातल्या एकुलत्या एका गुबगुबीत खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, सोनगीरचे आबा पाटील, उभे. आबांची कापसाची मोठी शेती, गावात शब्दाला वजन. पण बहीण बसलेली असली की ते उभेच राहायचे. आबांच्या बायको दाराजवळच्या बाकावर पदर सावरत बसल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना कुणी काही विचारलंही नाही.

प्रकरण असं होतं. आबांची मुलगी मंगल लग्न करून आफ्रिकेत लागोसला गेली होती. जावई तिथल्या कापडगिरणीत इंजिनिअर. मंगलला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. सासर शिरपूरला असतं तर एक जीप पुरली असती. पण आबांनी मोठ्या हौसेने परदेशातला जावई शोधला होता, त्याचं उट्टं आता नकाशा काढत होता.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची. आमचं ऑफिस धुळ्यात आग्रा रोडला होतं. पाटीवर 'देशविदेश प्रवास' लिहिलेलं. त्यातला देश म्हणजे चारधामच्या बसगाड्या. विदेश म्हणजे काचेत ठेवलेलं प्लास्टिकचं विमान. महिना-दोन महिन्यांतून एखादं खरं विमानाचं तिकीट निघालं, की मालक पेढे वाटायचे. मालकांना सगळे शेठ म्हणत. त्यांचं मुख्य ऑफिस जळगावला, आणि ते स्वतः अर्धा आठवडा तिकडे, अर्धा इकडे. विमानात ते आयुष्यात एकदाच बसले होते, मुंबई ते औरंगाबाद. त्या अनुभवावर ते जगातल्या कुठल्याही मार्गाविषयी बोलायचे.

अक्कांचा प्रश्न ऐकून ते केबिनमधून बाहेर आले.

"लागोस ना? बारा तास. तिकडे जेवून निघाली, की इकडे जेवायला घरी."

मी म्हटलं, "शेठ, बारा तासांत ती मुंबईलासुद्धा पोचणार नाही."

"देवरेबाई, विमान आहे ते. बस नाही."

गिऱ्हाइकापुढे मालकाला खोटं पाडू नये, हेही कोर्समध्ये शिकवलं होतं. तो भाग मी नीट वाचला नव्हता. मी सरळ कागद ओढला आणि समजावून सांगायला लागले.

दोन गावांमधलं हवाई अंतर ही एक गोष्ट. लागोस ते मुंबई हे अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. विमान प्रत्यक्ष आकाशात असतं तो वेळ, म्हणजे फ्लाइंग टाइम, ही दुसरी गोष्ट. तो दहा तास. पण सरळ विमान नव्हतं. मध्ये आदिस अबाबाला उतरायचं, तिथे दुसऱ्या विमानाची वाट बघायची, मग पुढे. म्हणजे सतरा-अठरा तास. त्यानंतर मुंबई विमानतळावरची रांग. त्यानंतर टॅक्सी, कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे आणि मग सोनगीर. गिऱ्हाईक किती वेळ लागतो असं विचारतं तेव्हा त्याला घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा वेळ हवा असतो. कंपनी सांगते फक्त आकाशातला. या दोहोंच्या मधला जो वेळ आहे, त्यात आमच्यासारख्यांना शिव्या बसतात.

आबांनी पिशवीतून शाळेचा नकाशासंग्रह काढला. त्यात एक दोरा होता. त्यांनी लागोसवर दोऱ्याचं एक टोक धरलं, मुंबईवर दुसरं. त्याची लांबी नकाशाच्या मापाशी लावून पाहिली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"ताई, दोरा नऊ-दहा तास म्हणतो. तुम्ही अठरा म्हणता. विमान मध्ये चहाला थांबतं का?"

"थांबतं आबा. आदिस अबाबाला."

हे त्यांना पटलं. मालेगावला एस.टी. थांबते, तसं ते थांबतं. मग त्यांनी दोरा लागोसहून वर लंडनला नेला आणि तिथून खाली मुंबईला आणला. विचारलं की या रस्त्याने विमान आहे म्हणतात, मग त्याच भाड्यात जास्त किलोमीटर मिळत असतील तर हे बरं नाही का. मी सांगितलं की विमानाच्या भाड्यात ठरावीक मायलेज धरलेलं असतं. तेवढ्यात बसेल असं थोडं वाकडं-तिकडं जाता येतं. पण लागोसहून मुंबईला लंडनमार्गे येणं म्हणजे धुळ्याहून जळगावला नाशिकमार्गे जाणं. मायलेज ओलांडतं, भाडं वाढतं आणि दिवसही जास्त जातो. आबांनी दोरा गुंडाळून ठेवला. त्याच पैशांत जास्त लांबचं मिळत नाही, हे त्यांना जरा खटकलंच.

 आता अक्कांनी पंचांग उघडलं. मार्गशीर्ष वद्य पंचमीला मंगलला आठवा लागत होता. मुलीला माहेरी आणायचं ते सातव्यात, नाहीतर थेट नवव्यात. आठव्यात बाईला हलवायचं नाही. वेस ओलांडू द्यायची नाही. हे खानदेशात कुठल्याही घरी विचारा, असंच सांगतील.

"मग नवव्यात आणू," शेठ उदारपणे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. नवव्या महिन्यात कुठलीही विमान कंपनी बाईला बसू देत नाही. आठव्यापर्यंत डॉक्टरांच्या पत्रावर चालतं. नवव्यात पत्र असो की नसो, दार बंद. म्हणजे विमानवाल्यांना आठवा चालत होता पण अक्कांना नाही. अक्कांना नववा चालत होता पण विमानवाल्यांना नाही. दोघांनाही चालेल असा फक्त सातवा, आणि त्याचे वीस-बावीस दिवस उरलेले. ते निसटले, तर मंगल लागोसलाच बाळंत होणार. जावई दिवसभर गिरणीत. काकूंना तिकडे पाठवावं म्हटलं, तर त्यांचा पासपोर्टच नव्हता. त्या काळात धुळ्याहून पासपोर्टला अर्ज केला, तर तो हातात पडेपर्यंत नातू रांगायला लागला असता.

मी डोकं लावून एक जागा काढली. शनिवार नको, अमावस्या नको, आदिसला रात्रभर बसणं नको, अशा अटी सांभाळत पंचमीच्या चार दिवस आधी मंगल सोनगीरला पोचेल असं जमवलं. अक्कांनी ते पंचांगावर तपासलं, बोटांच्या पेरांवर मोजलं आणि मान हलवली. कोर्समध्ये मला पहिला नंबर मिळाला होता, त्याहून या मान हलवण्याचा मला जास्त आनंद झाला.

तिकीट पीटीएने पाठवायचं होतं. पीटीए म्हणजे पैसे इथे भरायचे, तिकीट तिथल्या माणसाने तिथे उचलायचं. जावई पैसे भरायला तयार होता. पण मुलीला आणण्याचा खर्च माहेरचा, म्हणून आबांनी त्याला दटावून गप्प केलं. एरवी मुलीला आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो. इथे भावाऐवजी पीटीए गेलं. त्यासाठीच्या परवानग्यांचं प्रकरण सांगत बसले, तर हा लेख संपायचा नाही.

सगळा पत्रव्यवहार टेलेक्सवर. टेलेक्स म्हणजे इथे टाइप केलेलं तारेवरून जाऊन तिकडे कागदावर उमटायचं, असं यंत्र. ते होतं जळगावच्या ऑफिसात. लागोसला निरोप जायला काही मिनिटं पुरत. पण धुळ्याहून जळगावला तो सांगण्यासाठी ट्रंक कॉल लावला, की सकाळचा निरोप दुपारी जायचा. लाइन मिळालीच नाही, तर जळगाव गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी. आमचं ऑफिस जगाशी जोडलेलं आहे, असं शेठ सगळ्यांना सांगत. मध्ये पारोळा आणि एरंडोल आहे, ते सांगत नसत.

निघायच्या आठ दिवस आधी जळगावहून उलटा निरोप आला. ती फ्लाइट ऑपरेशनल रीझन्समुळे रद्द. ऑपरेशनल रीझन्स म्हणजे कारण आहे, पण ते तुम्हाला सांगणार नाही. पुढे लिहिलं होतं की प्रवाशाला पुढच्या आठवड्याच्या फ्लाइटवर प्रोटेक्ट केलं आहे. आमच्या धंद्यात याला प्रोटेक्ट करणंच म्हणतात. तुमचं विमान काढून घ्यायचं आणि तुम्हाला संरक्षण दिलं म्हणून कळवायचं. नवीन फ्लाइटने मंगल पोचणार होती पंचमी उलटून तीन दिवसांनी.

मधली कुठलीच जागा मिळेना. नाताळ जवळ आलेला, लागोसहून जो तो घरी निघालेला. एक जागा लंडनमार्गे निघाली. ती फ्लाइट पंचमीच्या आदल्या दिवशी उडणार आणि पंचमीला मुंबईत उतरणार होती.

सोनगीरला जाऊन सांगणं भाग होतं. शेठही बरोबर आले. त्यांना मंगलची काळजी नव्हती असं नाही. पण आफ्रिकेतलं तिकीट काढायची ही आमच्या धुळे ऑफिसची पहिलीच वेळ. ते रद्द झालं असतं, तर वाटलेले पेढे परत मागता येणार नव्हते.

आबांच्या ओसरीवर आम्हाला बसवलं, चहा आला. मी लंडनच्या जागेचं सांगितलं. आबांचा चेहरा उजळला.

"उडताना सातवाच आहे ना अक्का?"

"आणि उतरताना काय शे?" अक्का म्हणाल्या.

लंडनचा विषय तिथेच मिटला. मला खरं तर बरं वाटलं. त्या मार्गाने पोटुशी बाई अर्धा दिवस लंडनच्या खुर्चीत ताटकळली असती. राहिली ती पंचमीनंतरची जागा. शेठनी घसा साफ केला. आता हे काहीतरी अचाट बोलणार, हे मला कळलं. पण थांबवायला वेळ मिळाला नाही. ते म्हणाले, पंचांग हे जमिनीवरचं असतं, विमान समुद्रावरून येतं. समुद्र ओलांडताना तिथी लागत नाही, त्यामुळे आठवा धरायचं कारण नाही. मोठमोठी माणसं असंच करतात.

अक्कांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "समुद्रावर पोट वाढस का नही?"

शेठनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.

मग माझी पाळी. मी माझ्या परीने शहाणपणा केला. म्हटलं, अक्का, आठव्यात हलवायचं नाही म्हणता, त्याला काही कारण असेल तर सांगा. कंपनीचे डॉक्टर तर आठव्यात चालतं म्हणतात.

"तुना इमानवाला नववामा का बसू देस नही?"

"धोका असतो अक्का. वाटेत काही झालं तर आकाशात कोण बघणार?"

"मंग मी काय येगळं सांगस?"

 त्यांचा नियम अडाणी आणि माझ्या कंपनीचा शास्त्रीय, असं मी मनाशी धरून आले होते. दोघांचं म्हणणं तेच होतं, की बाईला वाटेत काही होऊ नये. एकाने महिना अलीकडे धरला, एकाने पलीकडे. कंपनीने तो इंग्रजीत छापला होता, एवढाच फरक. पण हे कळून माझी अडचण सुटत नव्हती. उलट अक्कांचा राग येणं बंद झालं आणि मी आणखीच अडकले.

आबा म्हणाले, मग काय, राहू द्या तिकडेच. दवाखाने तिकडेही आहेत. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, अक्कांकडे नाही. आणि बायकोकडे तर मुळीच नाही.

काकू चुलीपाशी होत्या. तिथून उठून त्या ओसरीच्या दारात आल्या. नणंदेसमोर त्या उंबऱ्याच्या आतच थांबायच्या, आजही तिथेच थांबल्या.

"तठे तिनाजोडे कोन शे?"

तिथे तिच्याजवळ कोण आहे. 

"रातले दुखाले लागनं, तं ती कोनले हाक मारी?"

आवाज चढलेला नव्हता. रडणंही नव्हतं. आठ-दहा दिवस आम्ही सगळे किलोमीटर, तिथ्या आणि मायलेज मोजत होतो. या बाईने एकच अंतर मोजलं होतं, आणि ते आमच्या कुणाच्याच कागदावर नव्हतं.  मी चहाच्या बशीकडे बघत राहिले.

अक्का उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, भावजय बोलली म्हणून रागावल्या. त्या पंचांग घेऊन परत आल्या, चष्मा लावला, पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"पोरनं परस्थान ठेवा."

प्रस्थान ठेवणं ही आपल्याकडची जुनी सोय. मुहूर्त आज आहे, पण निघणं आज जमत नाही. अशा वेळी प्रवासाला निघणाऱ्याची एखादी वस्तू, कापडात बांधलेले तांदूळ, सुपारी, एखादं वस्त्र, मुहूर्तावर घराबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी. ते ठेवलं, की माणूस निघाला असं धरतात. मग तो प्रत्यक्ष चार दिवसांनी निघाला तरी हरकत नाही. निघताना ती पोटली उचलायची आणि मागे न बघता जायचं. मला हे माहीत होतं. माझ्या आजोळी साक्रीकडे करायचे. पण हे विमानाला लागू होतं, असं डोक्यात आलं नव्हतं.

"पंचमीना पहिलेच ठेवा," अक्का म्हणाल्या. "मंग पोर सातवामाच निंघनी म्हना. इमान कवय बी येवो." आणि बोट उगारून मला बजावलं, "पन उचलीसनच निंघानं. इसरी जाऊ नको म्हना तिले."

आबा एकदम बसले. अक्का समोर असताना ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

शेठ परतीच्या वाटेवर म्हणाले, "बघा देवरेबाई, मी म्हणत होतो ना, काहीतरी निघेल." मी खिडकीबाहेर बघितलं.

आता हे लागोसला कळवायचं कसं. टेलेक्स इंग्रजीत, आणि शब्द मोजून. आमचं पीटीए सांभाळणाऱ्या लागोसच्या एजंटाला मी लिहिलं: प्रवाशाने अमुक तारखेला सकाळी आपली एक लहान पोटली पूर्वेकडच्या घरी ठेवावी आणि निघायच्या दिवशी तिथून उचलावी, अत्यंत महत्त्वाचं, प्रवाशाला ताबडतोब कळवा. जळगावच्या ऑपरेटरने तो मजकूर दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, मॅडम, काही स्मगलिंग वगैरे नाही ना. दुसऱ्या दिवशी लागोसचं उत्तर आलं. पोटलीचं वजन किती, त्यात नाशवंत काही आहे का, आणि विमा उतरवायचा का. जगभर आमचा धंदा असाच चालतो. माणूस काय म्हणतो ते कुणी ऐकत नाही, वजन मात्र सगळे विचारतात.

शेवटी मी गिरणीच्या नंबरवर ट्रंक कॉल बुक केला. तासन्‌तास वाट बघून लाइन मिळाली. जावयाला बोलावलं, त्याने मंगलला आणलं. समुद्राखालून आल्यासारखा आवाज. मी ओरडून प्रस्थान म्हटलं, आणि तिला पुढचं काही सांगावंच लागलं नाही. आधी ती हसली. मग म्हणाली, "अक्का हो म्हणाल्या?" मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं. पलीकडे बराच वेळ फक्त खरखर. त्या खरखरीचेही पैसे लागत होते, पण मी काही बोलले नाही.

अडचण दिशेची. मंगलच्या घराच्या पूर्वेला एकच घर, घरमालकिणीचं. लागोसचीच बाई, सहा मुलांची आई. इंजिनिअर जावयाला तिच्या दारात सुपारी घेऊन जायची लाज वाटत होती. तो लाजत-लाजत गेला, पोटली पुढे केली, मोडक्यातोडक्या शब्दांत कारण सांगितलं. तिने कारण अर्धवटच ऐकलं. पोटात बाळ आणि प्रवास, एवढं तिला पुरलं. म्हणाली, फ्रिजवर ठेव, तिथे मुलांचा हात पोचत नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी, सातवा महिना शाबूत असताना, मंगल लागोसच्या एका फ्रिजवरून सोनगीरला निघाली.

प्रत्यक्ष विमान त्यानंतर तीन दिवसांनी उडालं. ते मात्र वेळेवर उडालं. ऑपरेशनल रीझन्स त्या दिवशी रजेवर असावीत. आदिसला उतरलं, बदललं, मुंबईला आलं. आबा मुंबईला टॅक्सी घेऊन हजर होते. लागोस ते मुंबई अगदी माझ्या कागदाप्रमाणे झालं. मुंबई ते सोनगीरचं मी जे लिहिलं होतं, त्याची कसारा घाटात आडव्या पडलेल्या एका ट्रकने पार वाट लावली. आफ्रिका ओलांडायला लागला त्याहून थोडाच कमी वेळ इगतपुरी गाठायला लागला, असं आबा पुढे कितीतरी वर्षं सांगत. दोरा त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी मी सोनगीरला गेले. मंगल ओसरीवर पाय पसरून बसली होती. काकू तिच्या केसांना तेल लावत होत्या आणि अखंड बोलत होत्या. गावात कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्यायली, कुणी घर बांधलं. मला ओळखू येईनात, इतक्या. अक्का आत काहीतरी कुटत होत्या.

मंगलने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "ताई, एक गडबड झाली. पोटली तिथेच राहिली."

"कुठे?"

"फ्रिजवर. निघायच्या घाईत विसरले. विमानात बसल्यावर आठवलं."

 एवढं जमवून आणलेलं, आणि ऐन बाळंतपणाच्या तोंडावर घरात नवा घोळ. मी विचारलं, अक्कांना सांगितलंस का.

"आल्या आल्याच सांगितलं. मला राहवेना."

"मग?"

तेवढ्यात अक्काच बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. माझ्याकडे बघून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाल्या, "ठेवानं सांगं व्हतं मी. उचलानं कवय सांगं?"

बोट उगारून त्यांनी मला काय बजावलं होतं, ते माझ्या चांगलं लक्षात होतं. आबांच्याही होतं. आबांनी घाईघाईने पेपर उघडला. काकू तेल लावत राहिल्या. मी म्हटलं, बरोबर आहे अक्का, उचलायचं तुम्ही म्हणाला नव्हता.

फेब्रुवारीत धुळ्याला मंगलला मुलगी झाली. बाळंतीण आणि बाळ दोन्ही सुखरूप. शेठनी पेढे वाटले. काचेतल्या विमानाखाली 'लागोस ते धुळे, बारा तास' अशी पाटी लावली. ती काढून टाका, म्हणून मी त्यांना कितीदा सांगितलं. पुढची वीस वर्षं मी हाच धंदा केला. कंप्युटर आले, टेलेक्स गेलं, अंतर आणि वेळ बटण दाबलं की पडद्यावर यायला लागले. अमुक शहरातून तमुक शहरात पोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल. उत्तर द्यायच्या आधी मी पेन खाली ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, घरात मोठं कोण आहे.